मोठ्यानं केलेली प्रार्थना

"मनुकांचे देठ हातानं काढायचे. चमच्यानं नाही," लुईजामावशी म्हणाल्या. "चमच्याला काय कळतंय, देठ कुठला न् मनुका कुठली."

मी परात मांडीवर ओढून घेतली आणि भिजून फुगलेली एकेक मनुका उचलून देठ खुडत बसले. मावशी समोर पाटावर बसल्या होत्या, डोळ्यांना भलामोठा काळा चष्मा. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले होते. वाकायचं नाही, वाफेजवळ जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे चर्चमध्ये प्रभुभोजन, येशूच्या आठवणीत भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस घ्यायचा दिवस. आमच्या मंडळीत त्याचा द्राक्षरस विकत आणत नाहीत. काळ्या मनुका शुक्रवारी रात्री भिजत घालायच्या, शनिवारी उकळून, कुस्करून, मलमलीतून गाळायच्या. तीस वर्षं ते काम मावशींचंच होतं.

मिशन कंपाऊंडात आमची दारं समोरासमोर. सकाळी पाद्रीसाहेब स्वतः आमच्या ओट्याशी आले. "सुवार्ताबाई, एवढा मावशींना हातभार लावा. तुम्ही केमिस्ट्रीच्या बीएस्सी, तुम्हाला काय अवघड आहे." मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर सासूबाई आतून म्हणाल्या, "जाईल ती. बाळ आहे माझ्याकडं."

बाळ त्यांच्याकडेच असायचं. सात महिने त्यांच्याकडेच होतं.

"उल्हास आला नाही वाटतं या शनिवारी?" मावशींनी विचारलं.

"नाही. जालन्याला कंपनीत काम आहे."

"आणि तबिथा? काल ओट्यावर रांगताना पाहिली. म्हणजे दिसली नाही, नुसता आवाज आला. काय गं, दात किती?"

"चार."

"चार! बघ बाई. देवानं केलं ना चांगलं. मी म्हणाले होते तुला."

माझ्या बोटांतली मनुका चिरडली गेली. परातीच्या कडेला बोटं पुसली. मावशींना ते दिसलं नाही.

त्यांनी मला खरंच म्हटलं होतं. तबिथा चार महिन्यांची होती तेव्हा मावशी रोज दुपारी तिला तेल लावायला यायच्या. एके दिवशी सासूबाई दळण आणायला गेल्या होत्या आणि मी मावशींना सांगून टाकलं. उल्हासला, माझ्या नवऱ्याला, सांगितलं नव्हतं, आईला फोनवर सांगितलं नव्हतं, ते या बाईला सांगितलं. की बाळाला टबात धरलं की मनात येतं, हात सोडून द्यावा. की मला तसं करायचं नाही, पण येतं. रोज येतं. म्हणून मी पाणी कमी कमी घेते. आता तर टबात नुसतं दोन बोटं पाणी असतं आणि तरी तो विचार येतोच.

मावशी तेलाच्या हातानं माझ्या डोक्यावर थोपटत म्हणाल्या होत्या, "होतं बाई असं काहीजणींना. देव चांगलं करील." त्या रात्री मी कित्येक आठवड्यांनी सलग झोपले.

तो सोमवार होता. बुधवारी महिला मंडळाची प्रार्थना. चर्चच्या मागच्या खोलीत सतरंजीवर आम्ही चाळीसजणी बसलेल्या. मावशींची पाळी आली. त्यांनी पावसासाठी प्रार्थना केली, कलेक्टर ऑफिसातल्या कुणाच्या बदलीसाठी केली, आणि मग त्याच सुरात, हात वर करून: "प्रभू, आमची बहीण सुवार्ता अमोलिक. लेकराला आंघोळ घालताना तिला वाटतं, हात सोडून द्यावा आणि बुडू द्यावं. सैतानाचा हा विचार तिच्यातून काढ."

प्रार्थनेत डोळे मिटलेले असतात. मी माझे उघडले तेव्हा आणखी सात-आठजणींचे उघडे होते. सगळे माझ्यावर.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी तबिथाची झोळी त्यांच्या खोलीत नेली. स्टुलावर चढून स्वतः हूक ठोकला. दुसऱ्या दिवसापासून आंघोळ त्या घालू लागल्या. मी न्हाणीच्या दाराशी टॉवेल घेऊन उभी राहायची. उल्हासला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "थोडे दिवस राहू दे ना मम्मीकडं. तुलाच आराम." थोड्या दिवसांचे सात महिने झाले. तबिथा पडली की आजीकडे रांगत जायची. मी उचलली तर खांद्यावरून आजीला शोधायची.

या सात महिन्यांत मी मावशींशी बोलले नव्हते आणि प्रभुभोजनही घेतलं नव्हतं. मनात कुणाविषयी अढी ठेवून त्या मेजाला हात लावायचा नसतो, हे आमच्याकडे शाळेत जाण्याआधी शिकवतात. ताट माझ्या बाकापर्यंत आलं की मी मान हलवायची. शेजारच्या दोघी माझ्यावरून हात लांबवून भाकरीचा तुकडा घ्यायच्या. ते सगळ्यांना दिसायचं. कुणी का म्हणून विचारलं नाही. त्यांना वाटत असणार, हिला ठाऊक आहे आपण काय आहोत ते.

मनुका उकळायला ठेवल्या. खोलीभर गोड, जडसा वास पसरला. मावशी लांबूनच विचारत होत्या, "रंग कसा आलाय? जांभळा का काळा?"

"मावशी," मी गॅसकडे बघत म्हणाले, "त्या बुधवारी तुम्ही माझं नाव का घेतलंत?"

"कुठल्या बुधवारी?"

ही गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. मी सात महिने त्या बुधवारात राहत होते आणि यांना तो आठवत नव्हता.

"टबाचं. हात सोडण्याचं. तुम्ही प्रार्थनेत सांगितलंत."

"हां, ते. सांगितलं की." त्यांचा चेहरा उजळला. "आणि बघ, झालं ना चांगलं! मी अजून घेते हो तुझं नाव. रोज घेते."

"मोठ्यानं घेतलंत."

"मग काय मनातल्या मनात घेऊ? मनातली प्रार्थना मला येत नाही बाई. सुरू करते आणि मध्येच भाजीचं आठवतं. मोठ्यानं बोललं की चित्त राहतं."

"पण नाव कशाला, मावशी?"

"नाव नको? मग देवाला कसं कळायचं, कोणाबद्दल चाललंय?"

"देवाला कळत नाही?"

"कळतं गं. पण आपण सांगावं." त्या जराशा दुखावल्यासारख्या झाल्या. "मी काय चावडीवर सांगितलं का? देवाला सांगितलं."

"तिथं चाळीस बायका होत्या."

"त्या तर प्रार्थनेत होत्या."

मी गॅस बंद केला. पातेलं उतरवून मनुका लाकडी पळीनं चेचायला लागले. हात भरून येईपर्यंत चेचत राहिले. मग म्हणाले, "मी तबिथाला सात महिने आंघोळ घातलेली नाही."

"का? कंबर दुखते का?"

"मम्मी घालू देत नाहीत. त्या दिवसापासून. रात्री माझ्याजवळ झोपू पण देत नाहीत."

मावशींनी माझ्याकडे तोंड वळवलं. काळ्या काचांमागे त्या कुठे बघत होत्या ते कळत नव्हतं. त्यांचा एक हात पदराचं टोक चाचपत राहिला. मी वाट बघत होते. मला एक शब्द हवा होता. चुकलं. एवढाच. तोही इथंच, या स्वयंपाकघरात, दार लोटलेलं असताना, माझ्या एकटीला. तेवढ्यावर मी सगळं सोडायला तयार होते, असं मला त्या क्षणी वाटत होतं.

"गाळून घे," शेवटी त्या म्हणाल्या. "गार झालं की फडक्यातून उतरत नाही."

मी गाळून घेतलं, बाटलीत भरलं, झाकण लावलं, हात धुतले आणि घरी आले. अंगणात सासूबाई तबिथाला भरवत होत्या. मी जवळ गेले तशी त्यांनी वाटी दुसऱ्या हातात घेतली. मुद्दाम नसेल. पण मी सगळं बघायला लागले होते, वाटी कुठल्या हातात आहे तेसुद्धा.

रविवारी मी नेहमीसारखी बायकांच्या बाजूला शेवटच्या बाकावर बसले. सासूबाई तबिथाला घेऊन दुसऱ्या रांगेत. तबिथाचं टोपडं त्यांच्या खांद्यावरून दिसत होतं. पुढे मेजावर पांढऱ्या कापडाखाली भाकरीचं ताट आणि लाकडी खाचांमध्ये लहान लहान पेले. त्यांतला रस मी गाळलेला होता आणि मी तो पिणार नव्हते.

प्रवचन संपलं. आमच्या पाद्रीसाहेबांची एक रीत होती. मेजावरचं कापड काढण्याआधी ते पाच मिनिटं थांबायचे. "कुणाचं कुणाशी काही असेल त्यानं आत्ता उठावं, जाऊन हात द्यावा, मग मेजाकडं यावं." बहुतेक वेळा कुणी उठायचं नाही. कधी सकाळी भांडून आलेलं एखादं जोडपं हसत हसत उठायचं आणि सगळे खाकरायचे.

त्या दिवशी लुईजामावशी उठल्या. काळा चष्मा, पांढरं लुगडं, एक हात बाकांवरून चाचपत. मला वाटलं, माझ्याकडे येतील. येऊ देत, हात देईन आणि विषय संपवेन, असंही मनात आलं. पण त्या मागे वळल्याच नाहीत. पुढे गेल्या. मेजाजवळ उभ्या राहिल्या, आमच्याकडे तोंड केलं आणि हात वर केला.

मी पुढच्या बाकाची कड धरली. नको, मी मनात म्हणाले. मावशी, नको.

"हे दयाळू प्रभू," मावशींचा आवाज सगळ्या चर्चभर गेला. तीस वर्षं शेवटच्या बाकापर्यंत जातच होता. "मी अपराधी बाई आहे. सुवार्ता अमोलिक, उल्हासची बायको, मागं बसली असेल ती, तिनं मला विश्वासानं एक गोष्ट सांगितली. की लेकराला टबात आंघोळ घालताना हात सोडावा असं तिच्या मनात येतं. ते मी चाळीस बायांपुढं बोलले. त्यामुळं प्रभू, तिच्या सासूनं लेकरू काढून घेतलं. सात महिने तिला आंघोळ घालू दिली नाही. रात्री जवळ झोपू दिलं नाही. हे माझ्या जिभेमुळं झालं. मला क्षमा कर."

चाळीस बायकांना आधी कळलं होतं. आता पुरुषांनाही कळलं, कॉलेजच्या पोरांना कळलं, पेटी वाजवणाऱ्या मास्तरांना कळलं. टोप्या, टकलं, अंबाडे, सगळे मागे वळले. सासूबाई मात्र वळल्या नाहीत. त्यांची मान ताठ झाली होती. त्यांचंही झाकलेलं आता उघडं पडलं होतं.

पळून जावं असं वाटलं. दार माझ्या मागेच होतं, उघडंच होतं. मी चप्पल पायानं ओढून घेतली. आणि मग मावशींकडे पाहिलं.

त्या हात वर करून तशाच उभ्या होत्या. मी कुठे बसले आहे ते त्यांना दिसत नव्हतं. हनुवटी जराशी वर, लहान मुलानं कविता म्हणून दाखवावी आणि बरोबर आली का म्हणून थांबावं, तशा. त्यांनी केलं होतं ते काम मनापासून केलं होतं. एवढ्या लोकांपुढं उभं राहून स्वतःला अपराधी म्हणवून घेतलं होतं. आणि आपण आत्ता पुन्हा तेच केलं, त्याच गोष्टीला दुप्पट कान दिले, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

खिळे ठोकणाऱ्यांसाठी येशू बोलला ते मी लहानपणापासून ऐकत आले होते, की यांना क्षमा कर, आपण काय करतोय ते यांना कळत नाही. मला त्यावर नेहमी शंका यायची. कळत नव्हतं म्हणजे काय? हातोडा तर त्यांच्याच हातात होता. शुभ शुक्रवारच्या तीन तासांच्या उपासनेत बसून मी हे कितीदा मनात घोळवलं असेल. त्या रविवारी मी प्रथमच अशा माणसाकडे बघत होते, ज्याला खरंच कळत नव्हतं. आणि कधीच कळणार नव्हतं. मी समजावून सांगितलं असतं, तर त्यांनी त्याचीही प्रार्थना केली असती.

मला हवी होती ती माफी या बाईकडे नव्हतीच. त्यांच्याकडे ही होती.

चर्चमध्ये कुणी हलत नव्हतं. प्रार्थनेला आमेन म्हणायला कुणाची जीभ उचलेना. कशाला आमेन म्हणायचं, हेच कुणाला कळत नसावं. पाद्रीसाहेब मेजाकडे बघत होते. मावशींनी मान किंचित कलती केली, कान दिला. आमेन आलं नाही म्हणजे प्रार्थना पुरी झाली नाही. त्यांनी पुन्हा श्वास घेतला. "हे दयाळू प्रभू," त्यांनी परत सुरू केलं, "मी अपराधी—"

"आमेन," मी म्हणाले.

अपेक्षेपेक्षा मोठ्यानं निघालं. शेवटच्या बाकावरून पहिल्यापर्यंत गेलं.

मावशींचा हात खाली आला. "आमेन," त्या म्हणाल्या, आणि चाचपत आपल्या जागेवर जाऊन बसल्या.

ताट माझ्यापर्यंत आलं तेव्हा मी तुकडा घेतला. पेला घेतला. रस थोडा कडवट झाला होता, आदल्या दिवशी मी जास्त उकळला होता. काही विशेष वाटलं नाही. हलकं वाटेल असं ऐकलं होतं, तसं नाही वाटलं. शेजारच्या बाईनं फक्त कोपर जरा आत घेतलं, मला जागा व्हावी म्हणून की माझा धक्का नको म्हणून, कोण जाणे. उपासना सुटल्यावर बायका नेहमीसारख्या चिंचेखाली थांबल्या. मी जवळून गेले तसा आवाज खाली गेला. मी एकटीच कंपाऊंडाच्या लांबच्या बाजूनं घरी आले.

आज तबिथा सात वर्षांची आहे. मावशी जाऊन दोन वर्षं झाली. शेवटपर्यंत त्या माझं नाव घेऊन प्रार्थना करायच्या, मोठ्यानं. त्यांच्या दारावरून जाताना मला ऐकू यायचं. चिंचेखालचा आवाज अजूनही कधी कधी खाली जातो आणि दर वेळी मला ते सगळं पुन्हा सोडावं लागतं. एकदा सोडलं आणि संपलं, असं माझं तरी झालेलं नाही. पण त्या दिवशी घरी काय झालं, ते सांगायचं राहिलं.

सासूबाई माझ्या मागून आल्या. तबिथाला खाली सोडलं, पदरानं घाम पुसला.

"झालं समाधान? आता गड्यांनाही कळलं."

"हो."

"आणि माझंही नाव आलं. सासूनं लेकरू काढून घेतलं! मी काय वैरीण होते का तुझी?"

"नाही, मम्मी."

"मग तू आमेन कशाला म्हणालीस?"

"त्या परत सगळं सांगायला लागल्या होत्या."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा ओठ हलला, मला वाटलं हसू आलं. पण त्या हसल्या नाहीत. पाट ओढून बसल्या आणि चपला काढून बाजूला ठेवल्या.

"मी घाबरले होते गं," त्या म्हणाल्या. "रात्ररात्र जागी असायचे. तिचा श्वास बघत."

"मीपण."

"कुठून? तू तर तिकडच्या खोलीत."

"भिंतीला कान लावून."

तबिथा आमच्या दोघींच्या मधे बसून चप्पल तोंडात घालत होती. मी ती काढून घेतली. सासूबाईंनी मला अडवलं नाही.

"अजून येतं का तसं मनात?" त्यांनी विचारलं.

सात महिन्यांत हा प्रश्न मला कुणीही विचारला नव्हता. नाही म्हणणं सोपं होतं. नाही म्हटलं असतं, तर तबिथा कदाचित त्याच रात्री माझ्याजवळ झोपली असती. मेजावरचा कडवटपणा अजून जिभेवर होता.

"कधी कधी येतं," मी म्हणाले. "पहिल्यासारखं नाही. आलं की भीती वाटते. मला डॉक्टरांकडं जायचंय, मम्मी. एकटीनं जायला नको वाटतं."

त्या उठल्या. आत गेल्या. मला वाटलं, संपलं. आता परत कधीच नाही. मग नळाचा आवाज आला, बादलीत पाणी पडल्याचा, तपेलं उतरवल्याचा. मी उभी राहिले तेव्हा त्या न्हाणीतून बाहेर येत होत्या, हात ओले.

"पाणी काढलंय. साबण कोनाड्यात आहे," त्या म्हणाल्या. "मंगळवारी नगरला जाऊ. त्या बायकांच्या डॉक्टरीणबाई असतात मंगळवारच्या."

"तुम्ही येता?"

"मग? एकटी जाशील?" त्यांनी तबिथाला उचलून माझ्या हातात दिलं. तिनं आजीकडे हात पसरले, रडायच्या बेतात आली. "जा. आईकडं जा. मी आहे इथं दाराशी."

टबात पाणी भरपूर होतं. मी तिला आत बसवलं. तिनं दोन्ही हात पाण्यावर आपटले आणि माझ्या तोंडावर पाणी उडालं. तो विचार आला. येणारच होता. मी एक हात तिच्या काखेत घातला, दुसऱ्यानं मानेला साबण लावला. ती चारही दात दाखवून ओरडली. मी दाराकडे पाहिलं.

दार सताड उघडं होतं. सासूबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या, अंगणाकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ.